सावज हलते आहे, म्हणजे जिवंत आहे का?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. मेंदूत गोळी लागून जागीच कोसळलेले हरीण त्यानंतरही पाय झाडत राहिले, तेव्हा ते जिवंत होते का, हा तुझा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर पायांकडे पाहून मिळणार नाही. हालचाल दिसली म्हणून प्राण आहे असे होत नाही, आणि सावज निपचित पडले म्हणून प्राण गेला असेही मानता येत नाही.

चालण्या-धावण्याची मूळ लय मज्जारज्जूतच असते आणि एरवी तिच्यावर मेंदूचा अंकुश चालतो. मेंदू नष्ट होताच तो अंकुश सुटतो, आणि मज्जारज्जूतील चेतापेशी प्राणवायू संपेपर्यंत पायांच्या स्नायूंना मोकाट आज्ञा देत राहतात. त्यामुळे सर्वांत अचूक, वेदनारहित नेमच पाहणाऱ्याला सर्वांत क्रूर वाटतो. याउलट हृदय फुटलेले जनावर मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर साधारण १० सेकंद तरी शुद्धीवर राहू शकते आणि तेवढ्यात बरेच अंतर पळते. तडफड पाहून हळहळणारे लोक या पळण्याकडे दुर्लक्ष करतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. जाणीव असण्याची शक्यता खरे तर इथेच अधिक असते.

पडलेल्या जनावराजवळ पाठीच्या बाजूने जा, कारण जाणीव नसलेला खूरही हाड मोडू शकतो, आणि बंदूक तयार ठेव. छातीची लयबद्ध हालचाल आहे का ते पाहा. मग लांब काठीच्या टोकाने उघड्या डोळ्याच्या पृष्ठभागाला हलकेच स्पर्श कर. पापणी मिटली, तर मस्तिष्कस्तंभ, म्हणजे मेंदूचा मज्जारज्जूला जोडणारा खालचा भाग, अद्याप काम करतो आहे असे समज आणि दुसरी गोळी घालण्यास क्षणाचाही विलंब लावू नकोस. अधूनमधून श्वासाचा आचका येत असेल, तरीही हेच कर. डोळा मिटलेला दिसला तर विशेष सावध राहा, कारण मेलेल्या जनावराचे डोळे बहुधा उघडेच असतात.

कातडे सोलल्यावर मांस थरथरताना दिसते, तो प्रकार वेगळा आहे. तिथे मेंदूचा किंवा मज्जारज्जूचा संबंध उरलेला नसतो. सुरीच्या स्पर्शाने किंवा कापलेल्या चेतातंतूच्या टोकामुळे तेवढेच स्नायुतंतू आकुंचन पावतात. शरीरापासून तोडलेल्या बेडकाच्या पायांत असे आकुंचन घडवणारे इटालियन शास्त्रज्ञ गॅल्व्हानी यांचे प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

या थरथरीला इंधन लागते आणि ते म्हणजे एटीपी, पेशींना ऊर्जा पुरवणारे रसायन. स्नायू आकसण्यासाठी ते लागते हे सर्वांना पटते, परंतु सैल होण्यासाठीही तेच लागते, हे ध्यानात ठेव. रक्तपुरवठा थांबल्यावर स्नायू ग्लायकोजेनपासून, म्हणजे साठवलेल्या साखरेपासून, प्राणवायूविना एटीपी बनवत राहतो. त्यातून लॅक्टिक आम्ल साचून मांसाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे ७ वरून ५.५ पर्यंत उतरतो. एटीपी संपले की आकसणारे प्रथिनतंतू एकमेकांत अडकून बसतात आणि मरणोत्तर ताठरता येते. जखमी होऊन दूरवर पळालेल्या जनावराचे ग्लायकोजेन आधीच खर्ची पडलेले असते, म्हणून ते लवकर ताठरते. त्याच्या मांसाचा सामू पुरेसा उतरत नाही, ते गडद व चिकट दिसते आणि लवकर खराब होते. नेम चुकल्याची किंमत अशी मांसातही उतरते.

म्हणून आतडी काढण्यास उशीर करू नकोस, पण स्नायू थरथरत असेपर्यंत मांस हाडापासून सोडवू नकोस. ताठरता येण्याआधीच ते १० अंश सेल्सिअसखाली थंड केले, तर उरलेल्या एटीपीवर तंतू जोराने आकसतात आणि मांस चिवट होते. हाडाला जोडलेला स्नायू ताणलेला राहतो, त्यामुळे हे आकसणे बरेच रोखले जाते. शव टांगून ठेवायचे ते याचसाठी.

तुझा शुभचिंतक