रिले काहीही वाढवीत नाही

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात राहणाऱ्या एका मराठी वाचकाने विचारले आहे की, आपल्या जुन्या, टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारे यंत्र) असलेल्या मित्सुबिशी एक्लिप्स या मोटारीच्या फ्युएल पंपासाठी नवे वायरिंग टाकताना जो रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा खटका, बसवायचा, त्याला मराठी टिपणात ‘प्रवाहवर्धक’ म्हणावे काय. म्हणू नये. ‘हेडलाइटला रिले टाकला की करंट वाढतो’ हे वाक्य आपल्याकडच्या गॅरेजांतूनही सर्रास ऐकू येते आणि दर वेळी माझे डोके उठते. रिले कशाचीही वृद्धी करीत नाही, आणि चुकीची समजूत संस्कृतात मांडली म्हणून शुद्ध होत नाही.

आधी वस्तू पाहू. या गाडीची बॅटरी बॉनेटखाली आणि पंप मागे टाकीत असतो. मूळची बारीक तार मधले जोड ओलांडत तेथवर पोहोचते. समजा, 1 चौरस मिलिमीटर छेदाच्या 5 मीटर तांब्याच्या तारेतून 12 अँपिअर वाहत आहेत, तर सुमारे 1 व्होल्ट त्या तारेतच खर्ची पडतो. 4 चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच तूट पाव व्होल्टावर येते. टर्बोच्या गाडीत हा हिशेब इंजिनाच्या जिवावर बेततो, कारण तेथे रेग्युलेटर इंधनाचा दाब मॅनिफोल्डमधील, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधील, हवेच्या दाबाबरोबर चढवीत नेतो. मूळ दाब 3 बार धरला आणि टर्बोचा दीड बार त्यात मिळवला, तर पंपाला साडेचार बारांविरुद्ध इंधन लोटावे लागते. त्यासाठी तो अधिक करंट ओढतो, त्यामुळे तारेतील तूट वाढते, आणि इंधनाची सर्वांत जास्त गरज असते नेमका तेव्हाच पंप मंदावतो. हवा-इंधनाच्या मिश्रणात इंधन कमी पडले की नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून बसणारे ठोके, सुरू होते आणि पिस्टन जायबंदी होतो. नव्या वायरिंगमध्ये बॅटरीपासून निघालेली जाड तार टाकीजवळच्या रिलेच्या 30 क्रमांकाच्या टोकाला येते व 87 क्रमांकातून पंपाकडे जाते. जुनी तार 85 आणि 86 यांमधील वेटोळ्याला अँपिअरच्या लहानशा अंशाएवढा प्रवाह देऊन केवळ ‘चालू हो’ एवढे सांगते. पंपाला जे जास्त मिळाल्यासारखे दिसते, ते वाटेत हरवणे थांबलेले असते.

आता शब्द. शर्यतीतला रिले सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तो सोडतो. मुळात हा शब्द जुन्या फ्रेंचमधला आणि शिकारीचा आहे: दमलेले कुत्रे मागे सोडायचे आणि वाटेवर आधीच आणून ठेवलेले ताजे कुत्रे सावजामागे लावायचे. पुढे तो टपालाच्या घोड्यांना लागला. 1835 मध्ये जोसेफ हेन्री यांनी प्रिन्स्टन येथे क्षीण प्रवाहाने विद्युतचुंबक चालवून त्याकरवी दुसरे, जोरकस मंडल उघडण्या-मिटण्याची युक्ती साधली; तारायंत्रवाल्यांनी ती उचलली आणि घोड्यांचे नाव तिला चिकटले.

या कल्पनेसाठी मराठीला उसनवारीची गरजच नव्हती, कारण आपल्याकडे ‘डाक’ होती. 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशानेही हा शब्द हिंदी व मराठी म्हणून नोंदविला असून, टप्प्याटप्प्यावर माणसे व घोडे बदलत केलेली वाहतूक हाच त्याचा मूळ अर्थ दिला आहे. पत्रे हा अर्थ मागाहूनचा. डाकबंगला तोच. ‘टपाल’ या शब्दातही हाच ‘टप्पा’ दडलेला आहे, असे माझे ठाम मत आहे. तेलुगूचे कोशकार सी. पी. ब्राउन यांनी त्यासाठी फ्रेंच ‘एताप’कडे (मुक्काम, टप्पा) बोट दाखविले, म्हणजे अर्थ त्यांच्या हाती अचूक लागला होता, पण शब्द शोधायला ते उगाच समुद्रापार गेले. जॉन बीम्स यांची कथा निराळी: त्यांनी ठसा मारण्याच्या क्रियेवरून ‘टप्पा’ आणि ‘आलय’ अशी जोडणी करून टपालाला शिक्के मारण्याचे घर ठरविले. शिक्का मारणारा कारकून खुर्चीत बसण्याच्या कितीतरी आधीपासून पत्रे पोहोचविणारे जासूद रस्त्यावर धावत होते, ही साधी गोष्ट बीम्स यांच्यासारख्या व्याकरणकाराला सुचू नये, याचे मला नवल वाटते.

इंग्रजीतल्या ‘रिले’ उपोषणासाठी, ज्यात उपोषणकर्ते आळीपाळीने बसतात, रूढ झालेला ‘साखळी उपोषण’ हा शब्दही मला खटकतो. साखळीतील प्रत्येक कडी अखेरपर्यंत भार वाहते. रिलेत दमलेल्याचा भार उतरतो, जसा येथे जुन्या तारेचा उतरतो. तारायंत्रात मुक्कामावर ताजी बॅटरी असे, गाडीत ती पूर्वीचीच राहते, फक्त वाट नवी मिळते, एवढा फरक मात्र मान्य करावा लागेल.

तेव्हा टिपणात ‘रिले’च लिहावे, मराठीचा हट्टच असेल तर ‘डाकखटका’ म्हणावे, पण ‘वर्धक’ खोडावे. नव्या तारेचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा, पंपाची अर्थिंगची तारही तेवढीच जाड घ्यावी, आणि रिलेला हुकूम जुन्या तारेवरूनच मिळावा. डॅशबोर्डावर वेगळे बटण बसवून तो देऊ नये, कारण अपघातात इंजिन बंद पडले की गाडीचा संगणक त्या तारेवरून पंप थांबवितो, तर बटणावरचा पंप इंधन लोटतच राहतो.