'मार्था स्टुअर्ट लिव्हिंग' हा स्वयंपाक आणि घरसजावटीचा अमेरिकी टीव्ही कार्यक्रम त्याच्या सूत्रसंचालिका मार्था स्टुअर्ट तुरुंगात गेल्यामुळे बंद पडला का?

तारखा लावून बघितल्या तर नाही. कार्यक्रमाचा पुढचा हंगाम काढायचा नाही हे मे २००४मध्येच जाहीर झालं होतं. तुरुंगात त्या त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेल्या. खरं कारण हा कार्यक्रम विकला कसा जायचा, यात आहे.

१९९० साली टाइम या प्रकाशन कंपनीबरोबर 'मार्था स्टुअर्ट लिव्हिंग' हे मासिक सुरू झालं आणि १९९३मध्ये त्याच नावाचा, आठवड्यातून एकदा दिसणारा अर्ध्या तासाचा कार्यक्रम आला. मासिकासाठी तपासलेली कृतीच पडद्यावर यायची आणि ती उरकली जात नसे. ॲपल पायच्या आवरणाचंच पीठ घ्या. अडीच कप मैदा, एक कप (सुमारे २२५ ग्रॅम) थंडगार लोणी, चमचाभर मीठ, चमचाभर साखर आणि पाव ते अर्धा कप बर्फाचं पाणी. लोण्याचे वाटाण्याएवढे कण दिसले पाहिजेत, कारण भट्टीत तेच वितळून त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. हाताच्या उबेने लोणी आधीच विरघळलं तर पापुद्रे येत नाहीत. पाणी जास्त झालं किंवा पीठ फार मळलं तर आवरण चिवट होतं. म्हणून गोळा निदान तासभर फ्रिजमध्ये ठेवायचा. हे 'का' सांगणं हीच या कार्यक्रमाची खरी कमाई, असं माझं ठाम मत आहे.

१९९७मध्ये मार्थांनी टाइमकडून मालकी विकत घेऊन स्वतःची कंपनी काढली, कार्यक्रम सोमवार ते शुक्रवार रोज दिसू लागला. ऑक्टोबर १९९९मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले आणि १८ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी जवळपास दुप्पट झाला. मासिक, कार्यक्रम, चादरी, रंग, सगळ्यांवर एकच नाव. धोकाही तिथेच होता.

२७ डिसेंबर २००१ला त्यांनी इमक्लोन या औषध कंपनीचे ३,९२८ शेअर विकले. शिक्षा मात्र 'इनसायडर ट्रेडिंग'साठी, म्हणजे आतली माहिती वापरून शेअर विकल्याबद्दल, झाली नाही; तसं समजण्याची चूक फार लोक करतात. मार्च २००४मध्ये त्या दोषी ठरल्या ते कट केल्याबद्दल, तपासात अडथळा आणल्याबद्दल आणि तपास अधिकाऱ्यांशी खोटं बोलल्याबद्दल. शेअर घोटाळ्याचा आरोप न्यायाधीशांनी त्याआधीच काढून टाकला होता.

आता मूळ मुद्दा. 'लिव्हिंग' कुठल्या एका राष्ट्रीय वाहिनीचा नव्हता. अमेरिकेत याला सिंडिकेशन म्हणतात: कार्यक्रम गावोगावच्या स्टेशनांना वेगवेगळा विकायचा, वेळ ज्याने त्याने ठरवायची. खटल्याच्या काळात काही स्टेशनांनी तो मध्यरात्रीनंतर ढकलला, तिथे गृहिणी प्रेक्षक उरतोच कुठे? निकाल लागताच व्हायाकॉम या माध्यम कंपनीच्या मालकीच्या, सीबीएस आणि यूपीएन या वाहिन्यांच्या स्टेशनांनी तो काढूनच टाकला. मोठ्या शहरांतली स्टेशनं गेली की जाहिरातीचा दर कोसळतो आणि रोजच्या चित्रीकरणाचा खर्च निघत नाही.

सप्टेंबर २००५मध्ये आलेला 'मार्था' हा वेगळा कार्यक्रम, दोन्हींची गल्लत करू नका. त्यात समोर प्रेक्षक आणि पाहुणे होते. शेवटची दोन वर्षं तो हॉलमार्क वाहिनीवर चालला आणि २०१२मध्ये संपला. कृती शिकायची असेल तर मी 'लिव्हिंग'चेच भाग शोधायला सांगेन. तिथे गप्पा कमी आणि कॅमेरा हातांवर जास्त असतो.