वाचकांचे प्रश्न : लष्करातील पाद्री आणि घरची मंडळी

प्रश्न : मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका ग्रामीण ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) दीक्षित पाळक आहे. भारतीय लष्करात धर्मशिक्षक म्हणून पाद्रींची भरती होते, तिची तयारी गेल्या वर्षापासून करीत आहे. पहाटे धावण्याचा सराव, दिवसभर मंडळीची कामे आणि रात्री लेखी परीक्षेचा अभ्यास असा क्रम चालला आहे. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मुले लहान आहेत, वृद्ध आई आमच्याजवळ असते. पत्नीचा उघड विरोध नाही. परंतु ‘पाचारण तुम्हाला झाले आहे, मला नाही’, असे ती एकदा म्हणाली आणि ते वाक्य मनातून जात नाही. वयोमर्यादा जवळ आली आहे. देवाची हाक मानावी की घर सांभाळावे?
— एक पाळक

उत्तर : पाळकसाहेब, आपल्या पत्नीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे आणि आपण मांडलेल्या दोन्ही वाटांमध्ये तिच्या बोलण्याचे उत्तर नाही. खेड्यातील मंडळीत पाळकाबरोबर त्याची पत्नीही सेवा करीत असते. शब्बाथशाळा (मुलांची रविवारची धर्मशाळा), महिला मंडळ, घरभेटी, बाळंतिणीची विचारपूस, मयताच्या घरी रात्रभर बसणे, यांतले बरेचसे काम कोणी न सांगता तिच्याकडे आलेले असते. आपण लष्करात गेलात तर आपली सेवा नव्या ठिकाणी सुरू राहील, तिची मात्र संपेल. पाळकगृह सोडावे लागेल. नोकरी टिकवायची तर ती मुलांना आणि सासूबाईंना घेऊन भाड्याच्या घरात राहील आणि आपण सुट्टीवर याल तेव्हा भेट होईल. शांतता क्षेत्रात नेमणूक झाली तर कुटुंब सोबत नेता येते, परंतु फील्डवर, म्हणजे सीमेजवळच्या किंवा कारवाईच्या भागात, गेल्यावर ते शक्य नसते आणि नेमणूक कोठे व्हावी हे आपल्या हाती राहत नाही. म्हणून तिच्याकडे केवळ संमती मागू नका. पुढील काही वर्षांत आईचे औषधपाणी कोण पाहील, मुले कोणत्या शाळेत जातील, तिची बदली होऊ शकेल काय, हे दोघांनी कागदावर मांडा आणि त्या कागदाकडे पाहून तिला बोलू द्या. ज्याला स्वतःच्या घरची व्यवस्था ठेवता येत नाही तो देवाच्या मंडळीचा सांभाळ कसा करील, असे प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पत्रात विचारले होते. हाकेची परीक्षा घरापासूनच सुरू होते, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

आता त्या पदाविषयी. धर्मशिक्षक नायब सुभेदार या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या (जेसीओ) हुद्द्यावर भरती होतो. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री हे सारे याच मार्गाने येतात. उमेदवार पदवीधर असावा लागतो, 1600 मीटर अंतर 8 मिनिटांत धावावे लागते, आणि पाद्रीच्या बाबतीत त्याला योग्य धर्माधिकाऱ्याने दीक्षा दिलेली असून स्थानिक बिशपांच्या मान्य यादीत त्याचे नाव कायम असावे लागते. आपल्या पत्रात बिशपांचा उल्लेख नाही, याची आम्हाला काळजी वाटते. अनेक पाळक निवड झाल्यावर वरिष्ठांना कळवू असे ठरवतात आणि मग मने दुखावली जातात. अर्ज भरण्याआधी बिशपांची भेट घ्या, आपल्यामागे मंडळी कोणाकडे सोपवायची हेही त्यांच्याशी बोलून ठेवा.

कामाचे स्वरूप मात्र धावण्यापेक्षा फार अवघड आहे. उपासना आणि अंत्यविधी चालवणे, रुग्णालयातील आजाऱ्यांजवळ बसणे, शिक्षा भोगत असलेल्या जवानांना भेटणे, पलटणीतील मुलांना धर्मशिक्षण देणे आणि कुटुंबांच्या अडचणींत उभे राहणे ही त्याची कर्तव्ये आहेत. ईशान्येकडील ख्रिस्ती जवानांमध्ये नेमणूक झाली तर आपली मराठी भजने तेथे कोणालाही येत नसतील आणि दुःखात असलेल्या माणसाचे सांत्वन आपल्याला हिंदीत करावे लागेल. मिश्र पलटणींत सर्वधर्मस्थळ असते, एकाच छताखाली सगळ्यांची प्रार्थना चालते. धर्मशिक्षकांचे प्रशिक्षण पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते, आणि तेथे इतर धर्मांची ओळख करून दिली जाते ती याच कारणाने. रेजिमेंटच्या धार्मिक संचलनात जवानांबरोबर गाभाऱ्यात जाण्यास नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याची बडतर्फी 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवली. तो अधिकारी धर्मशिक्षक नव्हता, तरीही आपल्या श्रद्धेची सीमा कोठे आहे याचा विचार आपण आजच केला पाहिजे. दुसऱ्या धर्माच्या जवानाजवळ, त्याला आपल्याकडे वळवण्याची इच्छा मनात न आणता, केवळ त्याचे दुःख ऐकण्यासाठी बसता येईल काय? उत्तर ‘नाही’ असेल तर या वाटेला जाऊ नका. गावातील मंडळीत आपण अधिक प्रामाणिक राहाल.

सैनिकांची सेवा हे हलके काम आहे, असे कोणी म्हटले तर ते मनावर घेऊ नका. आम्ही काय करावे, असे शिपायांनी विचारले तेव्हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने त्यांना शिपाईगिरी सोडण्यास सांगितले नाही. जुलूम करू नका, आपल्या पगारात तृप्त राहा, असे सांगितले. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला आपल्या भीतीविषयी बोलता येईल असा कोणी तरी हवा असतो, आणि म्हणूनच आपली ओढ आम्हाला खरी वाटते.

तरीही पत्नी मनापासून तयार नसेल तर अर्ज करू नये, वयोमर्यादा उलटली तरी चालेल, असे आमचे स्पष्ट मत आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि यांत्रिकी पायदळाचे रेजिमेंटल केंद्र आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. तेथील ख्रिस्ती कुटुंबांना, माजी सैनिकांना आणि वीरपत्नींना पाळकाची गरज असते, आणि ती सेवा वर्दीशिवायही करता येते. पत्नी तयार असेल तर पहाटेचा सराव चालू ठेवा, परंतु रात्रीच्या अभ्यासाचे निदान दोन दिवस मुलांना द्या आणि हा बदल मंडळीच्या पंचांनाही मोकळेपणाने सांगा.

प्रश्न : माझा मुलगा धर्मशास्त्र शिकत असून त्यालाही याच सेवेत जायचे आहे. युद्धात पाद्रीला कायद्याचे संरक्षण असते काय?
— एक आई, पुणे

उत्तर : होय. 1949 च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या 24 व्या कलमानुसार सैन्याशी जोडलेल्या धर्मसेवकांचा सर्व परिस्थितीत मान राखणे आणि त्यांना संरक्षण देणे शत्रूवर बंधनकारक आहे. ते शत्रूच्या हाती सापडले तर युद्धकैदी मानले जात नाहीत. बंदिवान सैनिकांच्या आध्यात्मिक गरजेपुरतेच त्यांना ठेवून घेता येते. भारताने या करारांसाठी 1960 मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे. अर्थात तोफगोळा कलम वाचून पडत नाही, म्हणून मुलाशी या धोक्याविषयी बोलणे टाळू नका. शिक्षण पूर्ण होऊन दीक्षा मिळेपर्यंत त्याला अर्ज करता येणार नाही. तोपर्यंत त्याने एखाद्या रुग्णालयात नियमितपणे रुग्णभेटीचे काम करावे.