आठ दिवस, दोन मुलं, एक आजी: तीन शहरं नकोत, एकटं व्हिएन्ना पुरतं

मे अखेर, पाच आणि नऊ वर्षांची मुलं, सोबत सासूबाई, हातात आठ दिवस आणि यादीत प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. हे तिन्ही कसं बसवायचं असं तुम्ही विचारलंय, तर माझं उत्तर आहे की बसवूच नका. व्हिएन्नात किचनवालं एक अपार्टमेंट घ्या आणि आठवडाभर तिथेच मुक्काम ठोका. मी इथेच राहते, उन्हाळा आला की पुण्या-मुंबईचे पाहुणे असतातच, त्यामुळे कुठल्या प्लॅनमध्ये मुलं कधी किरकिर सुरू करणार हे मला आता तारखेसकट सांगता येतं.

प्राग-व्हिएन्ना ट्रेनने चार तास, पुढे बुडापेस्ट पावणेतीन तास, कागदावर काहीच वाटत नाही. पण सकाळी बॅगा भरा, चेकआउट करा, नव्या हॉटेलात दुपारी तीनशिवाय खोली नाही, तोवर सामान सांभाळत बसा आणि नेमकी तेव्हाच धाकटीला शू लागणार.. गेला दिवस. असे दोन दिवस तुम्ही पैसे देऊन विकत घेताय.

आमच्याकडे पाहुण्यांना एकच नियम: दिवसाला एक ठिकाण, आणि ते सकाळी. साडेनऊला निघायचं, दीडपर्यंत घरी, जेवण, मग आजी आडव्या होतात (खरं तर सगळेच होतात). चारनंतर फक्त बाग नाहीतर नदी. मे अखेरीस पावणेनऊला सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळ चिक्कार मोठी मिळते.

पहिली सकाळ शोनब्रुन या राजमहालाच्या बागेतल्या झूला द्या. १७५२ चं आहे, आज चालू असलेल्या झूंमध्ये जगातलं सगळ्यात जुनं. यू-४ मेट्रोने जा, पण शोनब्रुन स्टेशनला न उतरता पुढच्या हिट्सिंगला उतरा, तिथून झूचं गेट जवळ पडतं आणि आजींची चाल वाचते. झूच्या मधोमध पिवळा अष्टकोनी मंडप आहे, सम्राट फ्रान्झ यांनी बांधून घेतलेला. राजेसाहेब आत नाश्ता करणार आणि सभोवती गोलाकार पिंजऱ्यांत प्राणी, अशी ती सोय होती. आता तिथे रेस्टॉरंट आहे. पांडापाशी घाई करू नका, तो बांबू खायला बसला की बराच वेळ हलत नाही, सोलतो, चावतो, शांतता असेल तर कडकड आवाजही येतो, मुलं काचेला नाक लावून बसतात. महालाची आतली टूर मात्र पाच वर्षांच्या पोरीसोबत करू नका, दहाव्या खोलीपर्यंतच "अजून किती?" सुरू होतं. त्याऐवजी तिथलंच मुलांचं म्युझियम बघा, राजकुमारीचे कपडे घालायला मिळतात. बागेला तिकीट नाही, बागेतल्या भूलभुलैयाला आहे.

दुसरं म्हणजे नॅचरल हिस्टरी म्युझियम. १९ वर्षांखालच्यांना फुकट, मंगळवारी बंद. डायनोसॉर आणि उल्का या दोनच दालनांत नऊ वर्षांच्या मुलाचे दोन तास जातात. विलेनडॉर्फची व्हीनस ही बाईची दगडी मूर्ती पण इथेच, साडेएकोणतीस हजार वर्षांपूर्वीची. तिच्यासाठी वेगळी अंधारी खोली केलीय, मुलं मोठ्या अपेक्षेने आत जातात आणि काचेत मूर्ती असते जेमतेम ११ सेंटीमीटरची. माझा भाचा तिथे मोठ्याने "एवढीशीच??" म्हणाला होता, पण घरी परतल्यावर चित्र त्याने तिचंच काढलं, डायनोसॉरचं नाही. सगळी दालनं बघायचा हट्ट करू नका, भूक लागली की बाहेर पडा.

प्राटर, म्हणजे राइड्सची मोठी बाग, संध्याकाळचं. आत जायला पैसे नाहीत, प्रत्येक राइडचे वेगळे, त्यामुळे गेटवरच "प्रत्येकी दोन" ठरवून टाका नाहीतर खिसा रिकामा. मोठा पाळणा १८९७ चा. आधी त्याला ३० डबे होते, १९४४ च्या आगीनंतर दुरुस्त केला तेव्हा १५च लावले. इतका हळू फिरतो की सासूबाईंनाही चालेल. छोटी लिलीपूट ट्रेन झाडांतून चक्कर मारून आणते, मला विचाराल तर पाळण्यापेक्षा तीच भारी.

उरलेल्या संध्याकाळी डोनाउइन्झेल, म्हणजे डॅन्यूबमधलं २१ किलोमीटर लांब बेट. पूर आवरायला १९७२ ते १९८८ या काळात नवा कालवा खणला, त्याच मातीचं हे बेट झालं. यू-१ थेट बेटावर उतरवते. चटई, बॉल, टॉवेल, कपड्यांचा एक जास्तीचा जोड, बास.

खाण्याचं. नळाचं पाणी बिनधास्त प्या, आल्प्समधल्या झऱ्यांचं आहे, १८७३ पासून पाइपलाइनने येतंय. बाटल्या विकत घेऊ नका, रस्त्यावरही नळ आहेत. अंडं चालत असेल तर मुलांना काइझरश्मार्न द्या, जाड पॅनकेक फाडून वर पिठीसाखर आणि बाजूला प्लमचा गर, मात्र मनुका रममध्ये भिजवलेल्या असू शकतात, विचारून घ्या. रात्री घरी कुकर लावा (कुकर आणि गोडा मसाला तुम्ही आणायचा), तांदूळ-दही कुठेही मिळतं. फक्त शनिवारी सहाच्या आत दूध, ब्रेड, भाजी भरून ठेवा, रविवारी सगळं बंद. मोठ्या स्टेशनांतली दुकानं उघडी असतात पण तिथे रांग लागते.

मेट्रो-ट्राममध्ये सहा वर्षांखाली तिकीट नाही. तुमच्या नऊ वर्षांच्या थोरल्यालाही रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फुकट, वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्टची कॉपी ठेवा. कागदी तिकीट निळ्या मशिनमध्ये पंच करायला विसरू नका, मेट्रोत स्टेशनात शिरताना, ट्राममध्ये चढल्या चढल्या. चर्चसमोर मोझार्टसारखे विग घालून कॉन्सर्टची तिकिटं विकणारे गाठतील, हसून पुढे सरका.

व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, मुलाला ४५, धाकटीला माफ. १२ वर्षांखाली बोटांचे ठसेही घेत नाहीत. सहा महिने आधी अर्ज करता येतो, तेव्हा लवकर करा.

दुसरा देश बघितल्याचं समाधान हवंच असेल तर ब्रातिस्लाव्हा ट्रेनने तासाभरावर आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, बॅगा जागच्या जागी.

आणि अपार्टमेंट बुक करताना लिफ्ट आहे का ते लेखी विचारा. इथल्या जुन्या इमारतींत तळमजल्यावर होखपार्टेर, त्यावर मेझानिन असे न मोजलेले मजले असतात, आणि मग कुठे पहिला मजला मोजायला सुरुवात. जाहिरातीतला "दुसरा मजला" आपल्या हिशोबाने चौथा निघू शकतो. यू-४ च्या जवळ बघा, एअरपोर्टहून एस-७ लोकल विन मिटे स्टेशनला येते, तिथेच यू-४ मिळते. दोन-तीन पर्याय निवडलेत की एरिया इथे टाका, चढ आहे का, सुपरमार्केट किती लांब, बघून सांगते.