अमेरिकेचा नामांकित बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन कॉलेजातही बेसबॉलचा हिरो होता का?

छे! बेसबॉल हा त्याचा तिथला सगळ्यात कच्चा खेळ. १९४० च्या मोसमात यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाकडून त्याची बॅटिंग सरासरी होती ०.०९७, म्हणजे दहा वेळा बॅट धरली तर एक हिटही धड नाही! त्याच वर्षी लांब उडीत मात्र गडी राष्ट्रीय कॉलेज विजेता. फुटबॉल, बास्केटबॉलही गाजवलं.

जन्म १९१९ चा, जॉर्जियातला. वडील घर सोडून गेले, तेव्हा आईने पाच पोरांना घेऊन कॅलिफोर्नियातलं पॅसाडीना गाठलं आणि लोकांची घरकामं करून त्यांना वाढवलं. भाऊ मॅकही कमी नव्हता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटरला जेसी ओवेन्सच्या मागोमाग दुसरा. जॅकी आधी पॅसाडीना ज्युनियर कॉलेजात होता. यूसीएलए त्याने १९४१ मध्ये पदवी न घेताच सोडलं.