गेममधल्या देवावर मनापासून श्रद्धा बसू शकते का?

मुलगा किंवा मुलगी गेममधल्या एखाद्या देवाला मानू लागली की घरात दोन प्रश्न उभे राहतात. आईवडील विचारतात, "हिला वेड तर लागलं नाही ना?" आणि ती मुलगी, बहुतेक वेळा कुणालाही न सांगता, स्वतःला विचारत असते, "मी ढोंग करतेय का?" मी समुपदेशक आहे, आणि हे दोन्ही प्रश्न मला एकाच घरातून आले. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला तिची परवानगी आहे. तिला आपण गार्गी म्हणू.

गार्गी चोविशीतली, घरून नोकरी करणारी. वडिलांच्या किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. नेणं-आणणं, चार तास बाहेर बाकावर बसणं, पथ्याचा स्वयंपाक, औषधांच्या वेळा, हे सगळं तिच्याकडे. उन्हाळ्यात तिला लघवीचा संसर्ग झाला, औषधाने बरा झाला, पुन्हा झाला. डॉक्टरांनी पाणी किती पितेस असं विचारलं तेव्हा ती गप्प राहिली. मग आईने सांगितलं की बाबांना दिवसाला जेवढं पाणी मोजून देतात, तेवढंच ही पिते. डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवलं.

आईचं दुःख मात्र वेगळंच होतं. गार्गीच्या मनगटावर लाल दोरा होता. आईला वाटलं होतं, देवीचा असेल, आणि त्या मनातून सुखावल्या होत्या. एके दिवशी कळलं की तो दोरा इल्मेटर नावाच्या देवाचा आहे, आणि तो देव एका खेळातला आहे. "मॅडम, आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे. आणि ही कंपनीने बनवलेल्या देवापुढे हात जोडते," असं म्हणून त्या रडल्या.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी अमेरिकेत 1974 साली आणला. चारसहा जण एकत्र बसतात, हल्ली अनेकदा ऑनलाइन, आणि फासे टाकत सगळे मिळून एक गोष्ट घडवतात. एक जण ती गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र होतात. क्लेरिक हे त्यातलं पुजाऱ्याचं पात्र. ते घ्यायचं तर सहसा एखादा देव निवडावा लागतो. खेळाचं सगळ्यात गाजलेलं जग म्हणजे 'फरगॉटन रेल्म्स'. कॅनडाच्या एड ग्रीनवुड यांनी ते लहानपणापासून मनात रचलं आणि 1987 साली ते खेळाचा भाग म्हणून प्रसिद्ध झालं. इल्मेटर त्या जगातला, सोसणाऱ्यांचा देव. त्याचं चिन्ह म्हणजे लाल दोरीने मनगटाशी बांधलेले दोन पांढरे हात. दुसऱ्याची वेदना तो स्वतःवर घेतो. गार्गी दर शनिवारी रात्री त्याची क्लेरिक म्हणून खेळायची. बाबांचं डायलिसिस सुरू झालं त्यानंतर कधीतरी ती खेळ नसतानाही त्याला हाक मारू लागली.

आधी आईचा प्रश्न, कारण त्याचं उत्तर लवकर मिळालं. मी गार्गीला विचारलं, आवाज ऐकू येतात का? तो हुकूम देतो का? आपल्याला कुणी खास कामासाठी निवडलंय असं वाटतं का? झोप कशी आहे? ऑफिसच्या कामात चुका होतात का? मित्रमैत्रिणी तुटल्यात का? आवाज नव्हते, हुकूम नव्हते. काम नीट चाललं होतं. झोप अपुरी होती, पण रुग्णाची काळजी घेणाऱ्या माणसाची असते तशीच. आणि इल्मेटर कुणी रचला, केव्हा छापला गेला, हे तिनेच मला सांगितलं. भ्रमात असलेलं माणूस आपल्या समजुतीकडे सहसा असं बाहेरून पाहू शकत नाही.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. एखादी समजूत भ्रम आहे की नाही हे ठरवताना आम्ही हेही पाहतो की त्या माणसाच्या समाजात, संस्कृतीत ती रूढ आहे का. हा निकष चांगलाच आहे. त्यामुळे अंगात येणाऱ्या बाईवर कुणी घाईने आजाराचा शिक्का मारत नाही. पण ज्याच्या श्रद्धेमागे समाज नाही, देऊळ नाही, आजीने सांगितलेली गोष्ट नाही, त्याला या निकषाचा आधार मिळत नाही. मग 'कुणीच असं मानत नाही' एवढ्यावर त्याला आजारी ठरवायचा मोह होतो. तसं करू नये. श्रद्धेमागे किती माणसं आहेत यापेक्षा ती श्रद्धा माणसाकडून काय करवून घेते, हे तपासायला हवं.

शिवाय कुणीच मानत नाही हेही खरं नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन यांच्या कादंबऱ्यांतल्या दैवतांना, तारकांची राणी वार्दा हिला, आवाहन करणारे छोटे गट पाश्चात्त्य देशांत आहेत. मार्कुस डेव्हिडसन या अभ्यासकाने त्यांच्यावर मोठं संशोधन केलं आहे. अमेरिकेतला 'चर्च ऑफ ऑल वर्ल्ड्स' हा पंथ 1960 च्या दशकात एका विज्ञान कादंबरीवरून निघाला. 2001 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 3 लाख 90 हजार लोकांनी धर्म 'जेडाय' ('स्टार वॉर्स' चित्रपटांतला योद्ध्यांचा पंथ) असा लिहिला, पण त्यात गंमत म्हणून लिहिणारे पुष्कळ होते, त्यामुळे तो आकडा मी पुरावा म्हणून धरत नाही. गुपचूप हात जोडणारी एक गार्गी मला त्याहून जास्त सांगते.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागला. "मॅडम, मला माहितीय तो खरा नाही. तरी बाबांना सुई टोचताना मी त्यालाच हाक मारते. हे ढोंग नाही का?"

मी तिला पंढरपूरची आठवण दिली. घर वारकऱ्यांचं, तिला सगळं ठाऊक होतं. आषाढीच्या काळात विठ्ठल चोवीस तास दर्शनासाठी उभा असतो, पलंग काढून ठेवतात, पाठीला लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते आणि देवाचा शीण जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात. पाषाणाला शीण येत नाही हे तिथल्या प्रत्येकाला कळतं, आणि तरी काढा करणारा ढोंग करत नसतो. तान्या लुहरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना अमेरिकेतल्या ख्रिस्ती भक्तांमध्येही हेच दिसलं. देवासाठी कॉफीचा एक वेगळा कप भरून ठेवायचा आणि त्याच्याशी बोलायचं, असं तिथे शिकवलं जाई. देव जवळचा वाटायला सराव लागतो आणि त्या सरावात कल्पनाशक्ती लागतेच, असं त्या मांडतात. म्हणून कल्पना वापरली एवढ्यावरून श्रद्धा खोटी ठरत नाही.

गार्गीचं समाधान झालं नाही, आणि तिचा आक्षेप मला फार मोलाचा वाटला. ती म्हणाली, "बाबा तुकोबांचा अभंग म्हणतात. मातीचा पशुपती केला, पूजा शिवाला पावली, माती मातीत मिसळली. पण तुकोबांच्या मातीमागे शिव होता. माझ्या नियमपुस्तकामागे कोण आहे?"

याचं उत्तर समुपदेशकाने देऊ नये. देव आहे की नाही, कोणता आहे, हे ठरवायला माझ्याकडे कुणी येत नाही. पण तिच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती मी तिच्यापुढे ठेवली. त्या खेळाच्या जगातले सगळे देव काही कोऱ्या कागदावर जन्मलेले नाहीत. न्यायाचा टीर उत्तर युरोपातल्या प्राचीन नॉर्स लोकांचा, मिलिकी फिनलंडच्या अरण्याची, ओग्मा आयरिश. माणसांनी कधीकाळी ज्यांना मानलं ते देव खेळात आले आणि रचलेल्या देवांशेजारी बसले. दुसऱ्याचं दुःख अंगावर घेणारा देवही माणसाच्या मनाला नवा नाही. "तू हाक मारतेस ती कागदाला की सोसण्यात सोबत करणाऱ्या कुणाला?" असं मी विचारलं. ती बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, "कुणालातरी. नाव मात्र त्याचंच तोंडात येतं." मी तिथे थांबले.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सांगते. ती मनापासून मानत होती. कुणी बघत नसताना, काही मिळणार नसताना, भीतीच्या क्षणी जे नाव ओठांवर येतं, त्यात ढोंगाला जागा नसते.

पण मनापासूनची श्रद्धा नेहमी हिताचीच असते असं नाही, आणि खरा धोका त्या पाण्यात होता. बाबांना तहान सोसावी लागते, मग मी पाणी कसं पिऊ? इल्मेटर वेदना वाटून घेतो, मग मीही घेईन. हे विठ्ठलाच्या नावाने केलं असतं तरी मला तितकंच काळजीचं वाटलं असतं. आईंनाही मी हेच सांगितलं. कडक उपासाने चक्कर येऊन पडलेल्या बायका माझ्याकडे आल्या आहेत, आणि तेव्हा देवाच्या खरेपणाचा प्रश्न कुणाच्या मनात आला नव्हता.

मग आम्ही इल्मेटरचीच शिकवण वाचली. त्याचे पुजारी काय करतात? जखमा बांधतात, आजाऱ्यांची शुश्रूषा करतात, भुकेल्यांना जेवू घालतात. "यात स्वतः तहानेलं राहा असं कुठे आहे?" मी विचारलं. तिने शोधलं, मग म्हणाली, "वेदना घेणारा तो आहे. माझं काम पट्टी बांधायचं." तिने रोजचा नेम बदलला. बाबांचं पाणी मोजून भरलं की त्याच वेळी स्वतःची मोठी बाटलीही भरायची, आणि ती संध्याकाळपर्यंत संपवायची. बाबांसमोर पिताना तिला लाज वाटायची, म्हणून ती बाबांशी बोलली. ते म्हणाले, "अगं, तू तहानेली राहिलीस तर माझी तहान कमी होते का?" हे बोलणं त्या घरात कितीतरी आधी व्हायला हवं होतं.

छापलेल्या देवाबाबत एक वेगळा धोका असतो, तो मी तिच्यापासून लपवला नाही. त्याची गोष्ट कंपनीच्या हातात असते. याच जगातली जादूची देवी मिस्ट्रा खेळाच्या 2008 च्या आवृत्तीत मृत झाली आणि 2014 च्या आवृत्तीत परतली. उद्या इल्मेटरबद्दल काही वेगळं छापलं तर? शिवाय अशा श्रद्धेला सण नाही, सोबतीला दिंडी नाही, कुणी गेलं तर करायचे विधी नाहीत. बाबांच्या आजारात पुढे काय वाढून ठेवलंय हे तिला कळत होतं, आणि त्या वेळी एकटीची श्रद्धा अपुरी पडू शकते. म्हणून शनिवारच्या खेळातल्या दोघा मित्रांना तिने घरची खरी परिस्थिती सांगावी असं आम्ही ठरवलं. त्यांना तोवर बाबांच्या आजाराची कल्पनाच नव्हती. त्यातला एक आता अधूनमधून डायलिसिसच्या वेळी तिच्यासोबत बसतो.

आईवडिलांना एवढंच सांगेन की देवाचं नाव ऐकून घाबरू नका, बाकीचं बघा. मूल जेवत नाही, झोपत नाही, स्वतःला इजा करतं, देव हुकूम देतो म्हणतं, पैसे उधळतं, माणसांपासून तुटत चाललंय, किंवा त्या श्रद्धेबद्दल साधा प्रश्नही सहन करत नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, मग तो देव कोणताही असो. तज्ज्ञ जवळ नसतील तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. यातलं काही नसेल तर मुलाला विचारा की तो देव कसा आहे, आणि पूर्ण ऐकून घ्या.

गार्गीच्या आईंनी ते केलं. त्यांना तो देव पटलेला नाही, देव्हाऱ्यात त्याला जागा नाही, आणि गार्गीने ती मागितलेलीही नाही. दोरा मनगटावर आहे. गुरुवारच्या डायलिसिसला आता गार्गीऐवजी मामा जातात.