समन्स मिळाल्यापासून तीस दिवस

गिरगावातील एका ज्ञातिसंस्थेच्या चाळीत राहणाऱ्या वाचकाने आपली अडचण कळवली आहे. संस्थेच्या धर्मादाय न्यासाने त्यांच्या आजोबांना १९६४ साली अत्यल्प शुल्कात ‘लीव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे भाडेकरू न करता केवळ वापराच्या परवान्यावर, खोली दिली आणि आजोबांमागून वडील, वडिलांमागून ते स्वतः तिथेच राहत आले. २०२३ मध्ये ‘केवळ औपचारिकता’ म्हणून विश्वस्तांनी पुढे केलेल्या अकरा महिन्यांच्या नव्या करारावर त्यांनी सही केली. आता त्या कराराची मुदत संपल्याचे सांगून न्यासाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे भाडे कायद्याखाली असे अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, खोली रिकामी करून मागितली आहे आणि समन्स मिळून तीन आठवडे झाले आहेत. वाड्या आणि चाळींमधून अशी पत्रे वारंवार येतात. त्यांतील बहुतेक तारीख उलटून गेल्यावर येतात.

तीन पिढ्यांचे वास्तव्य हा आपला मुख्य मुद्दा असला, तरी तो ऐकून घेतला जाईल की नाही हेच मुळात दुसऱ्या गोष्टीवर ठरणार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ४३ नुसार समन्स बजावल्यापासून तीस दिवसांच्या आत आपण प्रतिज्ञापत्र दाखल करून बचावाची परवानगी मागितली पाहिजे. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर अर्जातील न्यासाचे म्हणणे आपण कबूल केले असे कायदा धरतो आणि थेट ताबा देण्याचा आदेश होऊ शकतो. ही मुदत हाती असताना आपण विश्वस्तांच्या भेटीगाठी घेण्यात तीन आठवडे घालवले, हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही, पण वाईट वाटले. विलंब माफ होईल या भरवशावर एकही दिवस राहू नये.

प्रतिज्ञापत्रात ‘आम्ही जुने रहिवासी आहोत’ एवढे लिहून भागणार नाही. त्यात १ फेब्रुवारी १९७३ ही तारीख ठळकपणे आली पाहिजे. पूर्वीच्या मुंबई भाडे अधिनियमात कलम १५अ घालण्यात आले आणि त्यानुसार किमान एका खोलीचा ताबा चालू परवान्याखाली त्या दिवशी ज्याच्याकडे होता, तो कायद्याने भाडेकरू ठरला. १९७२-७३ च्या पावत्या, शिधापत्रिका, मतदार यादीतील नोंद, विजेची बिले, यांपैकी जे हाती लागेल ते जोडावे. पावतीवर ‘भाडे’ऐवजी ‘भरपाई’ किंवा ‘शुल्क’ लिहिलेले असले तरी घाबरू नये. त्यापुढे हक्क आपल्यापर्यंत कसा आला, हे १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ७(१५)(ड) नुसार दाखवावे लागेल. तिथे आजोबांच्या आणि वडिलांच्या मृत्यूसमयी त्यांच्यासोबत कोण राहत होते, याला महत्त्व आहे.

खरी अडचण २०२३ च्या सहीची आहे. त्याच अधिनियमाच्या कलम २४ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे परवान्याचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या वस्तुस्थितीचा निर्णायक पुरावा मानला जातो, आणि आपण तर स्वतःला परवानाधारक म्हणवणारा कागद न वाचता सही करून दिला. ताबा कधीच सोडला नसल्याने जुनी भाडेकरी संपुष्टात आली नाही, आणि कायद्याने दिलेले संरक्षण करार करून सोडून देता येत नाही, असा युक्तिवाद करता येतो व तो करावाच. तो टिकेल याची हमी मात्र मी देणार नाही. करार नोंदणीकृत आहे का, हेही तपासावे, कारण कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. त्याचा आपल्याला किती उपयोग होईल, हे मूळ कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

न्यासाला हा कागद का हवा होता, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. चाळ उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) असेल आणि मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील विनियम ३३(७) खाली पुनर्विकास व्हायचा असेल, तर १३ जून १९९६ नंतर निर्माण झालेली भाडेकरी पात्रतेसाठी धरली जात नाही. आपला हक्क २०२३ पासून सुरू होतो असे एकदा ठरले, की नव्या इमारतीतील घरही गेले.

या चिंचोळ्या बेटावर माफक दरात डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून अनेक ज्ञातींनी पदरमोड करून घरे उभारली, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीत उभ्या राहिलेल्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेत रहिवासी हा भागधारक सभासद होता; न्यासाच्या चाळीत तो लाभार्थी असतो. ‘आपलीच माणसे आहेत’ या विश्वासावर आपण सही केली, पण विश्वस्त बदलले की आपलेपणाची व्याख्याही बदलते.

धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात भाडेकरू असल्याच्या घोषणेसाठी स्वतंत्र दावा आणि त्यासोबत अंतरिम मनाईचा अर्जही करावा. तिथला निकाल किती वर्षांनी लागेल हे कोणीच सांगू शकत नाही, आणि केवळ दावा दाखल झाला म्हणून सक्षम प्राधिकाऱ्यासमोरील कार्यवाही आपोआप थांबत नाही. म्हणून आधी प्रतिज्ञापत्र, मग दावा. दरम्यान शुल्क देणे थांबवू नये. न्यासाने ते घेण्यास नकार दिला, तर मनीऑर्डरने पाठवून पावती जपावी आणि सोबतच्या पत्रात ‘हक्कास बाधा न येता’ असे लिहावे. मुदत संपलेल्या परवान्यावर दुप्पट दराने आकारणीची मागणी होऊ शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

न्यास ही जागा बिल्डरला विकू शकतो का, असेही आपण विचारले आहे. सार्वजनिक न्यासाच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि तिथे हरकत घेण्याचा विचार करता येईल. पण त्या चौकशीसाठी या आठवड्यात कोठेही जाऊ नका.